वर्तुळ ओढलं तर काय होतं?

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग म्हटलं की आपल्याकडे इंजिनिअरिंग केलेल्या कुठल्याही माणसाच्या डोळ्यासमोर एकच आकृती येते. वर एक चौकट, तिच्यात 'शेप'. खाली तीन चौकटी: 'सर्कल', 'रेक्टँगल', 'ट्रँगल'. खालून वर जाणारे तीन बाण. मग सर (किंवा मॅडम) म्हणतात, "सर्कल इज अ शेप", फळ्यावर 'ड्रॉ' नावाचं एक व्हर्च्युअल फंक्शन येतं, आणि पॉलिमॉर्फिझम संपतो. व्हायवाला हेच विचारतात, कँपसला हेच विचारतात, आणि आपण हेच सांगून नोकरीला लागतो.

माझं म्हणणं असं, की ही आकृती आता फळ्यावरून पुसायला हवी. लगेच अंगावर येऊ नका, मी ऑब्जेक्टच्या विरोधात नाहीये. उलट मला ऑब्जेक्टची कल्पना फारच आवडते, म्हणूनच हा सगळा खटाटोप. ती कल्पना ज्या घरात वाढली, म्हणजे इंटरॲक्टिव्ह ग्राफिक्समधे, तिथेच ही आकृती पहिल्या दिवशी मोडते. आणि आपण मात्र नेमकं तिथलंच उदाहरण म्हणून ती शिकवतो!

कशी मोडते ते बघा. पुस्तकातल्या वर्तुळाला कुणी हात लावत नाही. ते आपलं गपगुमान स्वतःला काढतं, क्षेत्रफळ सांगतं आणि संपतं. आता त्या प्रोग्रॅममधे माउस आणा. युजरनं वर्तुळाची कड धरली आणि आडवी ओढली. झालं ना लंबवर्तुळ! आता 'सर्कल' या क्लासच्या ऑब्जेक्टचं काय करायचं? सी प्लस प्लस किंवा जावामधे एकदा जन्माला आलेला ऑब्जेक्ट आपला क्लास बदलू शकत नाही. म्हणजे जुना मारायचा आणि त्याच जागी 'एलिप्स' जन्माला घालायचा. पण त्या जुन्यावर सिलेक्शन होतं, त्याला एक बाण जोडलेला होता, अनडूच्या यादीत त्याचा पत्ता होता. हे सगळे पत्ते आता मेलेल्या माणसाच्या घरी पत्रं टाकताहेत.

बरं, उलटं करून बघू. 'सर्कल'ला 'एलिप्स'च्या पोटी घालू, कारण गणितात वर्तुळ हे लंबवर्तुळच असतं. पण मग 'एलिप्स'ला रुंदी एकटी बदलता येते, ती सोय वारशानं 'सर्कल'लाही मिळाली, आणि ती वापरली की ते वर्तुळ उरत नाही. गणितातलं वर्तुळ बदलत नाही, पडद्यावरचं बदलतं. सगळी गोम इथे आहे. वर्गीकरण हे न बदलणाऱ्या गोष्टींचं असतं, आणि इंटरॲक्टिव्ह म्हणजे तर मुळातच बदलणारं.

आता गंमत अशी, की हा प्रश्न साठ वर्षांपूर्वी एका माणसानं जवळपास सोडवून ठेवला होता. त्याचं नाव आपल्या प्रत्येक कॉंप्युटर इंजिनिअरला पाठ आहे, पण भलत्याच कारणासाठी. ग्राफिक्सच्या पेपरात 'कोहेन-सदरलंड लाइन क्लिपिंग अल्गोरिदम' लिहून सगळ्यांनीच मार्क मिळवलेत ना? त्यातला सदरलंड, म्हणजे आयव्हन सदरलंड. या माणसानं १९६३ साली एमआयटीच्या पीएचडीसाठी 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. टीएक्स-२ नावाचा खोलीभर कॉंप्युटर, त्याला पडदा, आणि हातात लाइट पेन. पडद्यावर पेन टेकवायचं आणि रेघ ओढायची. जेव्हा बाकीची दुनिया पंच कार्डांचे गठ्ठे देऊन उत्तराची वाट बघत होती, तेव्हा हा माणूस चित्र हातानं धरून सरकवत होता.

स्केचपॅडमधल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. पहिली, मूळ आकृती आणि तिच्या प्रती. षटकोन एकदा काढायचा, मग त्याच्या हव्या तेवढ्या प्रती पडद्यावर मांडायच्या. मूळ बदललं की सगळ्या प्रती बदलतात. क्लास आणि इन्स्टन्स या जोडीचा हा पूर्वज. दुसरी गोष्ट त्याहून भारी: कन्स्ट्रेंट, म्हणजे अटी. तिथे 'चौरस' नावाची वेगळी जात नव्हती. चार वेड्यावाकड्या रेघा काढायच्या आणि सांगायचं, या दोन काटकोनात हव्यात, या सगळ्या सारख्या लांबीच्या हव्यात. कॉंप्युटर त्या ओढून सरळ करणार. चौरसपणा हा जन्मानं मिळालेला नव्हता, तो लावलेला गुण होता. अट काढून टाका, त्या पुन्हा साध्या चार रेघा. वर्तुळ ओढल्यावर काय होतं, याचं उत्तर असं: गोल राहण्याची अट लावलेली असेल तर ते गोलच मोठं होईल, नसेल तर लांबेल. ऑब्जेक्ट तोच राहतो, कुणाला मारावं लागत नाही.

याच सुमाराला ओस्लोच्या नॉर्वेजियन कंप्युटिंग सेंटरमधे ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर सिम्युला ही भाषा बनवत होते. क्लास, सबक्लास, व्हर्च्युअल प्रोसीजर हे सगळं सिम्युला ६७ मधून आलं. पण त्यांना चित्रं काढायची नव्हती, त्यांना रांगा, बंदरं, कारखाने यांचं सिम्युलेशन करायचं होतं. अ‍ॅलन के यांनी १९६६ मधे युटा विद्यापीठात स्केचपॅड आणि सिम्युला हे दोन्ही पाहिलं, आणि पुढे १९७२ पासून झेरॉक्स पार्कमधे स्मॉलटॉक उभी राहिली. खिडक्या, मेनू, माउस यांच्यासकट. इकडे बेल लॅब्जमधे ब्यार्ने स्ट्राउस्ट्रप यांनी १९७९ पासून सिम्युलाचे क्लास सीमधे आणले, त्याची सी प्लस प्लस झाली.

आपल्या कॉलेजांत पोचली ती ही दुसरी शाखा. त्यात काही वाईट नाही, माझं पोट सी प्लस प्लसवरच चालतं. पण या प्रवासात सिम्युलाचं वर्गीकरण तेवढं आलं, स्केचपॅडचा हात मागेच राहिला. चित्रांचं उदाहरण घेतलं, पण चित्राला हात लावणारा माणूस वगळून! शिवाय आपल्याकडे हे दोन विषय वेगवेगळ्या प्रॅक्टिकलला. ओओपीच्या लॅबमधे माउस नाही, आणि ग्राफिक्सच्या लॅबमधे ऑब्जेक्ट नाही. आमच्या कॉलेजात तर २०१७ सालीही डॉसबॉक्समधे टर्बो सी चालवून ब्रेसनहॅमची रेघ काढायचो. बीजीआय फोल्डरचा पाथ चुकला की काळा पडदा. दोन्ही विषयांत मार्क उत्तम, पण दोन्ही मिळून एक वर्तुळ हलवायला कुणी सांगितलं नाही.

हे सगळं 'पुस्तकी वाद' म्हणून सोडून देता आलं असतं. पण मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो ते कारखान्यांचे आराखडे दाखवतं: पाइप, व्हॉल्व्ह, केबल, खांब, त्यांच्यावरची लेबलं. एका मोठ्या प्लँटच्या ड्रॉइंगमधे दोन लाख आकृत्या सहज. मी टीममधे आलो तेव्हा या कोडला दहाएक वर्षं होऊन गेली होती, आणि त्यात त्या फळ्यावरच्या आकृतीचं वडाचं झाड झालं होतं. 'ड्रॉएबल'च्या पोटी 'शेप', त्याच्या पोटी 'सिलेक्टेबल शेप', मग 'कनेक्टेबल', मग 'पाइप', मग 'इन्सुलेटेड पाइप'. ज्याला इन्सुलेशन आहे पण जो पाइप नाही (उदा. टाकी) त्याचं काय? तर दुसऱ्या फांदीवर तोच कोड पुन्हा. आणि जागोजागी 'डायनॅमिक कास्ट'. म्हणजे समोर आलेल्या ऑब्जेक्टची दर पावलाला जातपडताळणी.

चाकणला एक काका हे सॉफ्टवेअर दिवसाचे आठ तास वापरतात. ट्रेनिंगच्या निमित्तानं त्यांच्याशेजारी अर्धा दिवस बसलो होतो. ड्रॉइंग सरकवायचं असलं की ते माउस दाबायचे, ओढायचे, आणि मग हात काढून घेऊन वाट बघायचे. पडदा तीन-चार झटक्यांत जागेवर यायचा. "याची सवय झालीये," म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता, तेच जास्त लागलं. सदरलंडनं १९६३ साली जे हातात दिलं होतं, ते आपण मधल्या काळात काढून घेतलं की काय?

का अडखळतं, त्याचा हिशेब सोपा आहे. पडदा गुळगुळीत हलायचा तर सेकंदाला ६० चित्रं हवीत, म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. दोन लाख ऑब्जेक्ट, प्रत्येक 'न्यू' करून मेमरीत कुठेतरी विखुरलेला. प्रोसेसरच्या कॅशमधे नसलेली गोष्ट मुख्य मेमरीतून आणायला साधारण १०० नॅनोसेकंद जातात. प्रत्येकासाठी अशी एकच फेरी धरली तरी २ लाख गुणिले १०० म्हणजे २० मिलिसेकंद! अजून एक रेघ काढलेली नाही, नुसतं प्रत्येकाच्या दारात जाऊन "आहात का घरी?" विचारलंय, आणि वेळ संपली. आता याच आकृत्यांचे एक्स, वाय, आकार आणि रंग एका सलग ॲरेमधे ठेवा. प्रत्येकी १६ बाइट, एकूण ३२ लाख बाइट. आजचा साधा लॅपटॉपही मेमरी सेकंदाला १० जीबीच्या वेगानं सलग वाचतो, म्हणजे हे काम मिलिसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात होतं.

हॉटेल आणि पंगत यातला हा फरक आहे. हॉटेलात वेटर प्रत्येक टेबलाशी जाऊन विचारतो, आत जातो, एक डिश आणतो. व्हर्च्युअल 'ड्रॉ' म्हणजे हे हॉटेल. पंगतीत एक वाढपी भात घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, मागून वरण, मागून तूप. हजार माणसं तासाभरात उठतात. ग्राफिक्स कार्ड हे जन्मजात पंगतीचं यंत्र आहे. त्याला एकेक आकृती पाठवली तर ते बहुतेक वेळ रिकामं बसतं. म्हणून तर इन्स्टन्सिंग आलं, २००९ च्या ओपनजीएल ३.१ मधे ते अधिकृतपणे दाखल झालं. एकच मूळ आकृती आणि तिच्या हजारो प्रतींच्या जागा एका दमात द्या. ओळखीचं वाटतंय? स्केचपॅडचाच षटकोन, सेहेचाळीस वर्षांनी सिलिकॉनमधे शिरलेला.

इथे दुसरी पार्टी उत्साहानं उठते. "बघा, आम्ही सांगतच होतो! ओओपी मेलं, सगळं ॲरेमधे टाका." गेम बनवणारी मंडळी यात पुढे. त्यांचा अनुभव खरा आहे. वारशाच्या झाडापेक्षा कंपोनंट जोडून ऑब्जेक्ट बनवावा हे स्कॉट बिलास यांनी 'डंजन सीज'च्या अनुभवावरून २००२ सालीच मांडलं होतं. २००५ मधे आलेल्या युनिटीत 'गेम ऑब्जेक्ट' हा नुसता खुंटा, त्याला हवे ते कंपोनंट टांगायचे. आणि २०१८ पासून त्याच युनिटीनं कंपोनंटचा डेटा सलग ठेवणारी ईसीएस पद्धत आणली.

पण या पार्टीचं टोकही मला पटत नाही. कारण चाकणच्या काकांना ॲरे दिसत नाही. त्यांना दिसतो 'तो पाइप'. कालचा, ज्याचा व्यास साहेबांनी बदलायला सांगितलाय तो. त्यावर क्लिक केलं की शेजारच्या चौकटीत त्याची माहिती यावी, हलवला की जोडलेला व्हॉल्व्ह सोबत यावा, कंट्रोल झेड केलं की पूर्वीच्या जागी जावा. पंगतीत वाढपी रांगेनं जातो हे बरोबर, पण यजमान जेव्हा आग्रह करायला निघतो तेव्हा तो नाव घेऊनच थांबतो ना? "अहो जोशी, एक जिलबी तरी घ्या." त्या क्षणी रांग उपयोगाची नाही, ओळख लागते.

म्हणून माझं सूत्र एवढंच: ज्याला माणसाचा हात लागतो तो ऑब्जेक्ट, आणि ज्यावरून मशीन फिरतं तो ॲरे. ऑब्जेक्टचं मर्म त्याच्या क्लासमधे नाही, त्याच्या ओळखीत आहे. हा तोच आहे, बदलला तरी तोच आहे, आणि त्याला निरोप दिला की तो ऐकतो. अ‍ॅलन के यांनीही पुढे अनेकदा सांगितलं, की त्यांच्या मनात महत्त्वाचे होते ते निरोप, 'ऑब्जेक्ट' या शब्दानं लोकांचं लक्ष भलतीकडे गेलं.

आणि हे सूत्र काही माझा शोध नाही. ज्यांनी हे काम मनापासून केलं ते सगळे फिरून इथेच आलेत. नॉर्वेचे त्रिग्वे रीन्सकाउग जहाजबांधणीच्या सॉफ्टवेअरमधून आलेले. त्यांनी १९७९ मधे झेरॉक्स पार्कमधे मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर मांडलं, त्यात माणसाच्या मनातली वस्तू एकीकडे आणि तिचं पडद्यावरचं रूप दुसरीकडे. १९९० मधे पॉल कॅल्डर आणि मार्क लिंटन यांनी 'ग्लिफ' मांडले. डॉक्युमेंटमधलं प्रत्येक अक्षर ऑब्जेक्ट, पण इतका हलका की एकच 'अ' हजार जागी वापरायचा, जागा त्याच्यात साठवायचीच नाही. १९९४ च्या 'डिझाइन पॅटर्न्स' पुस्तकातला फ्लायवेट तो हाच. त्याच पुस्तकातला कमांड पॅटर्न तर युजरच्या कृतीलाच ऑब्जेक्ट करतो, म्हणून अनडू जमतं. सिलिकॉन ग्राफिक्सच्या १९९२ च्या इन्व्हेंटर टूलकिटमधेही जोर निव्वळ चित्र काढण्यावर नव्हता, ती वस्तू उचलता, फिरवता, ओढता यावी यावर होता. यातल्या कुणालाही 'सर्कल इज अ शेप' या वाक्यानं फार पुढे नेलं नाही.

आमच्या कोडचं काय झालं? एकदम सगळं पाडून बांधायला कुणी परवानगी देत नाही, देऊही नये. आम्ही पाइपची ओळख ठेवली: एक नंबर, आणि त्या नंबरावर चालणारे थोडे निरोप. रेघा, लेबलं, रंग हे सगळं उचलून सलग ॲरेमधे नेलं. 'इन्सुलेटेड' हा क्लास गेला, तो लावता-काढता येणारा गुण झाला. दोन रिलीज लागले. चाकणला आता ड्रॉइंग हातासरशी सरकतं. काकांनी फोन वगैरे केला नाही, सॉफ्टवेअर नीट चाललं तर कोण फोन करतं?

"पण पहिल्यांदा शिकवायला 'शेप' सोपा पडतो," असं माझे एक प्राध्यापक मित्र म्हणतात. त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. चाळीस मिनिटांचं लेक्चर, साठ मुलं, आणि पेपरात 'चार पिलर्स लिहा' हा प्रश्न ठरलेला. पण सोपं उदाहरण वेगळं, आणि खोटं उदाहरण वेगळं. मी फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतो तेव्हा चार पिलर्स सगळे म्हणून दाखवतात. मग विचारतो, "युजरनं वर्तुळ आडवं ओढलं, आता काय?" बहुतेक जण गप्प होतात. हुशार मुलं असतात ती, गप्प होतात कारण वर्तुळ ओढता येतं हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मागच्या वर्षी तालुक्याच्या कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, "सर, माझ्याकडे दोन त्रिज्या आहेत. आधी सारख्या होत्या, आता नाहीत. त्याला वर्तुळ म्हणायचं की नाही ते नाव ठेवणाऱ्यानं बघावं." हे तिला पुस्तकानं शिकवलं नव्हतं. मोबाइलवर चित्रं काढायचं एक ॲप तिनं स्वतः खटपट करून बनवलं होतं, त्या ॲपनं शिकवलं होतं.

म्हणून शिकवणाऱ्या मंडळींना एक सुचवावंसं वाटतं. 'एरिया' आणि 'ड्रॉ' लिहायचं प्रॅक्टिकल बंद करा. त्याऐवजी एवढंच द्या: पडद्यावर एक वर्तुळ, ते माउसनं हलवता यावं, ओढून लांबवता यावं, दोन वर्तुळांचा गट करता यावा, आणि कंट्रोल झेड चालावं. ब्राउझरच्या कॅनव्हासवर दोन प्रॅक्टिकलमधे होतं, टर्बो सी नको की बीजीआयचा पाथ नको. मग तिसऱ्या प्रॅक्टिकलला त्याच वर्तुळाच्या दोन लाख प्रती करायला सांगा आणि पडदा अडखळू द्या. ऑब्जेक्ट कुठे हवा आणि ॲरे कुठे हवा, हे मुलं आपणहून सांगतील. चार पिलर्सचा प्रश्न पेपरात राहिला तरी चालेल, त्याचे मार्क ती मिळवतीलच.